उरुग्वेतलं गांजाचं रेशन

१९ जुलै २०१७ ची सकाळ. दक्षिण गोलार्धातला ऐन हिवाळा. मोंतेविदेओ शहरातल्या मोजक्या औषध दुकानांसमोर लोक रांगा लावून उभे होते. नंबर आला की माणूस पुढे जाई, यंत्रावर बोट टेकवी, ओळख पटली की दुकानदार पाच ग्रॅमची बंद पुडी काउंटरवर ठेवी. आठवड्याला दहा ग्रॅम, महिन्याला चाळीस. त्यापुढे कितीही पैसे मोजायची तयारी असली तरी मिळणार नाही. पुडीचा भाव सरकारने बांधून दिलेला: १८७ पेसो, म्हणजे ग्रॅमला साधारण १.३० डॉलर. पुडीत गांजा होता.

यादीत नाव, ठरलेला कोटा, बांधलेला भाव, यंत्रावर अंगठा आणि दुपारपर्यंत ‘माल संपला’ म्हणणारा दुकानदार. मराठी वाचकाला हे सगळं ओळखीचं वाटेल, कारण उरुग्वेने जे उघडलं ते गांजाचं रेशन दुकान होतं. अमली पदार्थ कायदेशीर करावेत का, या वादात दोन्ही बाजूंना या देशात आपल्या सोयीचा पुरावा सापडतो. बंदीवाले म्हणतात, बघा, कायदा करूनही काळाबाजार संपला नाही. खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते म्हणतात, संपणार कसा, सरकारने बाजार उघडलाच कुठे? मला यातलं दुसरं म्हणणं जास्त विचार करण्याजोगं वाटतं, आणि तरीही ते पुरतं पटत नाही. का, ते सांगायला प्रकरण मुळापासून बघावं लागेल.

ओढायला मुभा, मिळवायला बंदी

उरुग्वेची लोकसंख्या जेमतेम ३५ लाख, आणि गुरं माणसांच्या तिपटीहून जास्त. पण हा देश सरकारी हातातल्या धंद्यांना सरावलेला आहे. १९३१ मध्ये तिथे ‘अंकाप’ ही सरकारी कंपनी निघाली. तिच्या नावातच तिची कामं आहेत: इंधन, दारू आणि सिमेंट. दारू गाळणं हे पेट्रोल शुद्ध करण्यासारखंच सरकारी काम, असं मानणाऱ्या लोकांना गांजाचं सरकारीकरण आपल्याइतकं विचित्र वाटलं नसावं.

१९७४ च्या कायद्याने, तोही लष्करी हुकूमशाहीच्या काळातला, स्वतःच्या वापरापुरता थोडा अमली पदार्थ जवळ असणं हा गुन्हा राहिला नव्हता. थोडा म्हणजे किती, ते न्यायाधीशाने ठरवायचं. पेच असा की ओढायला हरकत नव्हती, पण मिळवायचा कुठून? विकत घ्यावा तर विकणारा गुन्हेगार, कुंडीत लावावा तर लावणारा गुन्हेगार. २०११ मध्ये साठी ओलांडलेल्या एका लेखिकेला घरच्या रोपांपायी तुरुंगात जावं लागलं, तेव्हा या कायद्यातली विसंगती चव्हाट्यावर आली.

बाजारात मिळायचा तो पॅराग्वेहून चोरून आलेला, विटेसारखा दाबलेला, काड्या-बियांसकटचा जुना माल. त्याला तिथे ‘प्रेन्सादो’ म्हणतात. तो विकणाऱ्याकडेच अनेकदा ‘पास्ता बासे’ मिळायची, म्हणजे कोकेन बनवताना मधल्या टप्प्यावर निघणारा स्वस्त, ओढायचा आणि माणसाला झपाट्याने पोखरणारा लगदा. पुढे आलेल्या गांजाच्या कायद्यामागचा सरकारचा मुख्य युक्तिवाद इथून निघतो. गांजा घ्यायला गेलेल्या पोराला पास्ता बासेच्या दारात उभं करणारा बाजार आपणच बंदी घालून तयार केला आहे. ही दोन दारं वेगळी करा.

मे २०१२ मध्ये मोंतेविदेओतल्या एका उपाहारगृहात लुटीच्या वेळी तिथल्या कामगाराचा खून झाला. कॅमेऱ्यात टिपलेला तो प्रसंग घरोघर दिसला आणि लोक रस्त्यावर उतरले. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष होसे मुहिका यांच्या सरकारने सुरक्षेसाठी पंधरा उपायांची यादी जाहीर केली. त्यातला एक उपाय: गांजाचं उत्पादन आणि विक्री सरकारच्या देखरेखीखाली आणणं. म्हणजे हा कायदा जन्मला तो पोलीस खात्याच्या चिंतेतून. मौजमजेचं स्वातंत्र्य हा मुद्दा होता, पण मागच्या बाकावर. मुहिका आपल्याकडे व्हॉट्सअॅपवर ‘जुन्या बीटलमधून फिरणारे सर्वांत गरीब राष्ट्राध्यक्ष’ म्हणून फिरतात. तेरा-चौदा वर्षं तुरुंगात काढलेला हा माजी गनिमी लढवय्या गांजाचा चाहता मुळीच नव्हता. तस्करांचं गिऱ्हाईक पळवायचं, एवढाच त्यांचा व्यापारी हिशेब.

लोकांना तो पटला नव्हता. पाहणीमागून पाहणीत साठ टक्क्यांहून अधिक लोक विरोधात होते. ३१ जुलै २०१३ ला कनिष्ठ सभागृहात ९६ पैकी ५० मतं पडली. सत्ताधारी ‘फ्रेंते आम्प्लियो’ आघाडीतल्या एका डॉक्टर सदस्याचा कायद्याला उघड विरोध होता, तरी पक्षाचा आदेश म्हणून त्यांनी बाजूने मत दिलं. ते फिरते तर प्रकरण तिथेच संपतं. १० डिसेंबरला सेनेटने १६ विरुद्ध १३ मतांनी मंजुरी दिली आणि कायदा क्रमांक १९,१७२ अस्तित्वात आला. गांजाची लागवडीपासून विक्रीपर्यंतची साखळी कायदेशीर करणारा उरुग्वे हा जगातला पहिला देश ठरला.

तीन रस्ते, एकच निवडायचा

अठरा वर्षांवरच्या नागरिकाला किंवा कायम रहिवाशाला गांजा मिळवण्याचे तीन मार्ग दिले. घरी सहा रोपं, वर्षाला ४८० ग्रॅमपर्यंत. किंवा पंधरा ते पंचेचाळीस सभासदांचा क्लब, त्याची कमाल ९९ रोपं. किंवा औषध दुकान. तिन्हींत नोंदणी आवश्यक, आणि एकात नाव घातलं की बाकीचे दोन बंद. जाहिरात कुठलीही नाही. सगळ्यावर देखरेख करणारी ‘इर्का’ नावाची नवी संस्था.

भाव ठरवताना सरकारने चलाखी दाखवली. कर लादून तिजोरी भरायचा मोह टाळला आणि काळ्या बाजाराला टक्कर देता येईल इतपत दर खाली ठेवला. अमेरिकेतल्या राज्यांनी पुढे नेमकं उलट केलं. तिथे शाळांच्या इमारतींसाठी गांजावरच्या कराचे पैसे मोजले गेले. सरकारचं उत्पन्न एकदा खपावर अवलंबून राहिलं की खप कमी व्हावा असं सरकारला वाटत नाही. महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात उत्पादन शुल्काचा आकडा बघणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही.

इथे एक आडवळण घेतो. सरकारमान्य गांजा ही कल्पना भारताला नवी नाही. ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्याने अकराशेहून अधिक साक्षी नोंदवल्या आणि १८९४ मध्ये निष्कर्ष दिला की सरसकट बंदी अनावश्यक आहे. परवाने द्या, कर लावा, लागवडीवर लक्ष ठेवा. परवान्याची गांजाची दुकानं स्वातंत्र्यानंतरही अनेक भागांत चालू होती. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने भारतासारख्या देशांना ती बंद करायला पंचवीस वर्षांची मुदत दिली आणि १९८५ मध्ये अमली पदार्थांना आळा घालणारा एनडीपीएस कायदा आला. त्याच्या गांजाच्या व्याख्येत शेंडे-फुलोरा येतो, नुसती पानं येत नाहीत; म्हणून काही राज्यांत भांगेची सरकारमान्य दुकानं आजही दिसतात. आपण जो करार पाळायला दुकानं बंद केली, तोच करार बाजूला सारून उरुग्वेने उघडली. संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थ नियंत्रण मंडळाने त्यावर जाहीर नापसंती नोंदवली. उरुग्वेचं उत्तर होतं की करारामागचा हेतू नागरिकांच्या आरोग्याचं रक्षण हा आहे आणि आम्ही तेच करतो आहोत.

बँकेने घातलेला खोडा

घरच्या रोपांची नोंदणी ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झाली, क्लबांची त्याच वर्षी थोडी नंतर. औषध दुकानांना मात्र २०१७ उजाडलं. दरम्यान मुहिकांची मुदत संपून तबारे वास्केस पुन्हा राष्ट्राध्यक्ष झाले होते. ते कर्करोगतज्ज्ञ. त्यांच्याच आधीच्या कारकिर्दीत, २००६ मध्ये, बंदिस्त सार्वजनिक जागांत धूम्रपानाला बंदी आली होती. पाकिटावरच्या इशाऱ्यांवरून फिलिप मॉरिस कंपनीने उरुग्वेला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं, आणि जुलै २०१६ मध्ये निकाल उरुग्वेच्या बाजूने लागला. तंबाखूशी असं लढणाऱ्या डॉक्टरच्या हातात गांजाची विक्री सुरू करण्याचं काम आलं. त्यांनी ते आनंदाने केलं असेल असं वाटत नाही, पण केलं.

पहिल्या दिवशी देशभरात सोळा दुकानं तयार होती आणि नोंदणी केलेले गिऱ्हाईक पाच हजारांच्या आत. काही जिल्ह्यांत एकही दुकान नव्हतं. बहुतेक औषध विक्रेते लांबच राहिले: नफा किरकोळ, चोरीची भीती, शिवाय रोजच्या गिऱ्हाइकांच्या भुवया उंचावणार.

आणि मग महिनाभरात ते घडलं ज्याचा विचार कायदा लिहिणाऱ्यांनी केला नव्हता. बँकांनी या दुकानांना कळवलं की गांजा विकणार असाल तर आमच्याकडे खातं ठेवता येणार नाही. कळवणाऱ्यांत ‘बांको रेपुब्लिका’ही होती, म्हणजे खुद्द उरुग्वेची सरकारी बँक. ज्या सरकारने परवाना दिला त्याच्याच बँकेने खातं नाकारलं.

बँकेचा तरी काय दोष! उरुग्वेत बचतीपासून घरखरेदीपर्यंत डॉलर मुरलेला आहे, आणि डॉलरचे व्यवहार करणाऱ्या कुठल्याही बँकेचं एक खातं अमेरिकेतल्या मोठ्या बँकेत लागतं. अमेरिकेच्या संघीय कायद्याने गांजाविक्री गुन्हा, आणि २००१ नंतर कडक झालेल्या नियमांमुळे त्या विक्रीचा पैसा हाताळणं म्हणजे काळा पैसा हाताळणं. अमेरिकेतल्या बँकांनी इशारा दिला की हा पैसा तुमच्याकडून येत असेल तर तुमच्याशी संबंध तोडू. सोळा औषध दुकानांसाठी अख्ख्या देशाचा डॉलर व्यवहार धोक्यात कोण घालणार? गंमत अशी, की त्या वेळी कोलोरॅडोत राज्याच्या कायद्याने गांजा राजरोस विकला जात होता आणि तिथले दुकानदारही याच कारणाने तिजोऱ्यांत रोकड साठवून बसले होते.

रक्तदाबाच्या गोळ्या, बाळाचे डायपर आणि शाम्पू विकून चालणाऱ्या दुकानदाराला बँकखात्यावाचून धंदा करता येत नाही. काहींनी गांजा सोडला. राहिलेल्यांनी फक्त रोख घ्यायला सुरुवात केली. आत यायला तयार असलेली नवी दुकानं दारातच थबकली.

‘कायदेशीर करा’ म्हणणाऱ्या कुठल्याही चर्चेत हा भाग येत नाही, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ घालवतो आहे. वस्तू कायदेशीर करणं संसदेच्या हातात असतं. बाजार मात्र बँक, विमा, वाहतूक, पुरवठादार या सगळ्यांच्या होकाराने उभा राहतो, आणि त्यातले काही होकार परदेशातून यावे लागतात. खुल्या बाजाराच्या कट्टर समर्थकालाही इथे अडचण येते. उरुग्वे सरकारने सगळी बंधनं काढली असती, भाव मोकळा सोडला असता, तरी हे कुलूप उघडलं नसतं.

रांग कोणी लावली?

दुसरी अडचण मात्र घरचीच. लागवडीचे परवाने सुरुवातीला दोनच कंपन्यांना दिले, प्रत्येकी वर्षाला दोन टनांपर्यंत. जमीन सरकारी, पहारा सरकारी. पुरवठा रखडत राहिला. माल दुकानात येई आणि काही तासांत संपे. जे वाण विकायला ठेवले त्यांची नशा मुद्दाम सौम्य राखलेली, तीही गिऱ्हाइकांना खटकली. नोंदणी वाढत गेली, पुढच्या सहा वर्षांत पन्नास हजारांवर पोहोचली. परवानेही आणखी दिले गेले. तरी २०२० च्या दशकाच्या सुरुवातीला कायदेशीर मार्गाने गांजा मिळवणारे एकूण ओढणाऱ्यांच्या एक तृतीयांशही भरत नव्हते.

बाकीचे कुठे गेले? सगळे पुन्हा पॅराग्वेच्या विटेकडे गेले नाहीत. रेशनच्या साखरेचं जे होतं तेच झालं: कार्ड एकाचं, साखर चार घरांत. क्लबातला सभासद मित्राला देतो, सहा रोपं लावणाऱ्याकडे उरतं ते शेजारी घेतो. दाबलेला माल मागे पडला आणि फुलांचा गांजा रूढ झाला, पण त्यातला बराचसा कागदोपत्री कुठे दिसत नाही. शिवाय सरकारी यादीत नाव घालायला अनेकांनी नकार दिला. १९७३ ते १९८५ ची हुकूमशाही ज्यांनी पाहिली त्यांना याद्या कशासाठी वापरल्या जातात ते माहीत होतं. कायद्याने ही माहिती गोपनीय ठरवली, तरी भीती गेली नाही. महाराष्ट्रात दारू प्यायला परवाना लागतो हे किती पिणाऱ्यांना आठवतं, एवढं मनात आणलं तरी पुरे. आपण नियम ठेवला आणि विसरलो. उरुग्वेने तो अंगठ्यासकट पाळला.

खुल्या बाजाराचे पुरस्कर्ते इथे बोट ठेवतात. मिल्टन फ्रीडमन यांच्यासारखा अर्थतज्ज्ञ १९७२ पासून बंदीविरुद्ध लिहीत होता. त्या परंपरेतला माणूस म्हणेल की भाव बांधला आणि पुरवठा आवळला की रांग लागणारच आणि रांगेच्या मागे काळाबाजार उभा राहणारच. अर्थशास्त्र म्हणून हे निर्विवाद आहे. पण दुसरं टोकही बघायला हवं. कोलोरॅडोत १ जानेवारी २०१४ पासून खासगी दुकानं सुरू झाली. तिथे रांग फार काळ टिकली नाही. त्याऐवजी गोळ्या-चॉकलेटांत घातलेला गांजा आला, कितीतरी पट तीव्र अर्क आले, सवलतीच्या योजना आल्या. ओरेगनमध्ये परवाने इतके सढळ दिले की २०१९ मध्ये राज्याच्या नियामकानेच अहवालात सांगितलं, उत्पादन मागणीच्या दुप्पट आहे. भाव कोसळले, छोटे शेतकरी बुडाले, आणि जादा माल जिथे बंदी होती त्या राज्यांकडे वळण्याची धास्ती कायम राहिली.

दारू असो, तंबाखू असो, गांजा असो, खपाचा मोठा वाटा रोज आणि भरपूर घेणाऱ्या थोड्यांकडून येतो. म्हणजे व्यापाऱ्याचं सर्वांत लाडकं गिऱ्हाईक तेच, ज्याची डॉक्टरला सर्वांत काळजी. साबणाच्या बाजारात असं नसतं. म्हणून विकणं आणि खपवणं यांत फरक करावा लागतो. उरुग्वेने विकायला परवानगी दिली आणि खपवायला मनाई केली. साधं पाकीट, जाहिरात नाही, सौम्य वाण, महिन्याचा कोटा. रांगेचा काही भाग या धोरणाची ठरवून मोजलेली किंमत होता आणि ती मला मान्य आहे. दोनच परवाने, अपुरी दुकानं आणि बँकेचा न केलेला विचार ही उरलेली रांग मात्र निव्वळ ढिसाळपणाची. टीकाकार आणि समर्थक दोघंही या दोन रांगा एकच समजून भांडतात.

डिसेंबर २०२२ मध्ये ‘गामा’ नावाचं अधिक तीव्र वाण दुकानांत आलं आणि खप वाढला. पुढे ‘एप्सिलॉन’ त्याहून तीव्र. काळ्या बाजाराकडून गिऱ्हाईक ओढायचं तर हे करावंच लागतं, पण गिऱ्हाइकाच्या आवडीमागे एकेक पायरी चढत गेलं की विकण्याचं खपवणं कधी होतं ते कळत नाही. इर्काला यापुढे सांभाळायचं आहे ते हे.

खुनांचा आकडा

२०१७ मध्ये उरुग्वेत २८० हून थोडे जास्त खून झाले. २०१८ मध्ये आकडा चारशेवर गेला. गांजाची दुकानं उघडल्याच्या पुढच्या वर्षी! विरोधकांना आणखी काय हवं? पण १ नोव्हेंबर २०१७ पासून देशात नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाली होती आणि पोलीस व वकील या नव्या पद्धतीत चाचपडत होते. टोळ्यांची भांडणं होती ती पास्ता बासे आणि कोकेनच्या वाटांवरून. ऑगस्ट २०१९ मध्ये जर्मनीच्या हॅम्बुर्ग बंदरात साडेचार टन कोकेन सापडलं, ते मोंतेविदेओहून आलेल्या कंटेनरात. गांजाच्या सहा कुंड्यांचा त्याच्याशी संबंध जोडायला बरीच कल्पनाशक्ती लागते. हेही तितकंच खरं की सुरक्षेचा उपाय म्हणून आणलेल्या कायद्याने सुरक्षा आणली नाही. तस्करांच्या ताटातून गांजा काढून घेतला, पण ताटात कोकेन होतंच. मुहिका सरकारने जे आश्वासन दिलं ते या कायद्याच्या कुवतीबाहेरचं होतं.

शाळकरी मुलांची भीती सगळ्यांत मोठी होती. त्यांच्यावर झालेल्या अभ्यासांत कायद्यामुळे वापर वाढल्याचा ठोस पुरावा मिळाला नाही.

२०२० मध्ये कायद्याला विरोध करणाऱ्या नॅशनल पार्टीचे लुइस लाकाये पोऊ राष्ट्राध्यक्ष झाले. कायदा रद्द होईल असं अनेकांना वाटलं. पण याच गृहस्थांनी खासदार असताना, २०१० मध्ये, घरी रोपं लावायला परवानगी देणारं विधेयक मांडलं होतं. त्यांनी दुकानं बंद केली नाहीत. ‘गामा’ वाण त्यांच्याच कारकिर्दीत आलं.

दर जानेवारीत पुंता देल एस्तेच्या किनाऱ्यावर अर्जेंटिना-ब्राझीलच्या पर्यटकांची गर्दी लोटते. गांजा कायदेशीर असलेल्या देशात आलो, या समजुतीने त्यातला एखादा औषध दुकानात शिरतो, खिशात डॉलर असतात. दुकानदार यंत्राकडे बोट दाखवतो. यादीत नाव नाही, माल मिळणार नाही. बाहेर फुटपाथवर मात्र त्याची सोय करणारा कोणीतरी सहसा उभा असतो.